सिस्टरांचा ठाणेदार

"संगं कोन आहे?"

सिस्टरांचा पहिला प्रश्न हाच असायचा. ताप किती, दुखतं कुठे, कधीपासून, हे सगळं मागाहून. पेशंट खाटेवर टेकायच्या आधीच त्या त्याच्या पाठीमागे बघायच्या आणि विचारायच्या, "संगं कोन आहे?" कुणी पुढे झालं की मान हलवून कामाला लागायच्या. कुणीच नसलं तर म्हणायच्या, "बरं. मंग मी आहो."

साकोलीच्या सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या, पण प्रश्न काही सुटला नाही. बँकेत, बाजारात, बसस्टँडवर, ओळखीचं कुणी एकटं दिसलं की हाच प्रश्न. माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. एकदा एकोडीकडचा एक माणूस आजारी बकरी घेऊन आला होता. सिस्टरांनी सवयीने विचारलं, "संगं कोन आहे?" तो गोंधळला आणि बकरीकडे बोट दाखवून म्हणाला, "मीच हिच्या संगं आहो." सिस्टर हसल्या नाहीत. "चांगलं आहे," म्हणाल्या.

तुमच्या गावातही अशी एखादी बाई असेल. अर्ध्या गावाची बाळंतपणं जिच्या हातून झाली आणि जिला स्वतःचं असं कुणी नाही. सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईचं केलं. मग दुकानापासून थोडं पुढे, लोखंडी फाटकाच्या घरात त्या एकट्या राहिल्या. उंची एवढी कमी, की वॉर्डात सलाइनची बाटली लावायला त्यांच्यासाठी एक वेगळं स्टूल असे. त्या स्टुलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

अशा या बाईंना लहानपणापासून एकच हौस होती. कुत्रा पाळायचा, आणि तोही वासराएवढा.

त्याचं कारण त्यांनीच मला सांगितलं होतं. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी आसगावकडच्या खेड्यांत काढली. पहाटे सायकलवरून बाळंतपणाला निघायचं आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर कुत्र्यांनी पाठीला लागायचं. "तवा वाटे, आपल्या संगं असा एक पायजे, का बाकीच्यायनं पाहूनच बाजूले व्हावं." पण क्वार्टरच्या खोलीत आई आणि त्याच मावायच्या. हौस राहून गेली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी नागपूरचा त्यांचा भाचा ग्रेट डेनचं पिल्लू घेऊन आला. त्याच्या मित्राच्या घरी वेत झालं होतं. मावशी एकटी राहते, घराला राखण पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पिल्लू अडीच-तीन महिन्यांचं, पण आताच गुडघ्याच्या वर आलेलं. राखेच्या रंगाचं. पाय इतके लांब, की चालताना ते त्याचे त्यालाच आवरत नव्हते.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या दुकानापुढे एक खोकं सोडून गेलं होतं. आई पामेरियन आणि बाप गल्लीतला, अशी मिक्स पिल्लं. दोन लोकांनी नेली. एक उरलं होतं, पांढरं, कपाळावर काळा ठिपका असलेलं.

सिस्टर मोठ्या पिल्लाला इंजेक्शन द्यायला दुकानात आल्या. त्यांचं लक्ष खोक्याकडे गेलं. त्यांनी ते छोटं पिल्लू उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, जसं नुकतं जन्मलेलं मूल बघतात तसं, आणि मांडीवर ठेवलं. ते लगेच झोपलं. सिस्टर बराच वेळ हलल्याच नाहीत. मोठं पिल्लू दारात बसून स्वतःचा पंजा चावत होतं.

माझी बायको आतून चहा घेऊन आली. तिने एका नजरेत सगळं ओळखलं.

"सिस्टर, हे लहानच घ्या," ती म्हणाली. "वाटीभर भातात भागन. आजारी पडलं तं उचलता येईन. तो मोठा तं उद्या तुमालेच ओढत नेईन."

मीही तेच म्हणालो. तुम्हीही तेच म्हणाला असता. अडुसष्ट वर्षांच्या एकट्या बाईने माणसाएवढ्या वजनाचा कुत्रा पाळावा, असं कोण म्हणेल?

सिस्टरांनी चहा घेतला नाही. त्या मांडीवरच्या पिल्लाच्या पाठीवर बोट फिरवत होत्या. मग मला विचारलं, "बाबू, हे किती वर्षं जगते?"

"हे मिक्स आहे, सिस्टर. काटक असते. चौदा-पंधरा वर्षं सहज काढन."

"अन् तो?"

"मोठ्या जातीचे कुत्रे लवकर जातात. सात-आठ वर्षं. त्याच्यापुढं गेला तं नशीब."

मला वाटलं, आता मोठ्याचा विचार सोडतील. इतक्या लवकर जाणारं जनावर कशाला लावून घ्यायचं जिवाला?

"हे पंधरा वर्षं काढन," त्या म्हणाल्या, "तं तवा मी कुठं राहीन? मी गेल्यावर याच्या संगं कोन?"

"सिस्टर, कुत्रं घेताना असा विचार कोणी नाही करत."

"करायले पायजे." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. वॉर्डात एकदा एक म्हातारा आला होता, छातीत पाणी झालेलं. संगं कोन आहे, विचारलं तर म्हणाला, "कुत्रा आहे. गेटपाशी बसला आहे." सगळा वॉर्ड हसला होता. म्हातारा चार दिवसांत गेला. त्याला मागच्या दाराने नेलं. कुत्रा पुढच्या गेटपाशीच बसून राहिला. सिस्टर रोज त्याच्यापुढे भात ठेवायच्या, तो हुंगायचा आणि परत दरवाज्याकडे तोंड करून बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे थोडं चालत जायचा. असाच कुणाच्यातरी मागे हायवेवर गेला आणि ट्रकखाली आला.

"मोठा जाईन तं माझ्या हातून जाईन," सिस्टर म्हणाल्या. "मी नीट पोचवीन त्याले. मले येते ते काम." त्यांनी झोपलेलं पिल्लू हलकेच उचलून माझ्या बायकोच्या हातात दिलं. "याले माणसाच्या घरात राहू दे, माय. तुमच्या घरी लेकरू आहे, तुमी दोघं आहा. कोनी ना कोनी राहीनच."

पिल्लू असं आमच्याकडे राहिलं. माझ्या मुलीने त्याचं नाव टिकली ठेवलं.

मोठ्याचं नाव गल्लीने ठेवलं. तो सहा महिन्यांचा असताना गल्लीच्या मधोमध आडवा झोपला होता. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी हात जोडले, "ठाणेदारसाहेब, रस्ता द्या जी." त्या दिवसापासून तो ठाणेदार.

दिसायला ठाणेदार, पण स्वभाव अगदी निराळा. फटाक्याला घाबरायचा, विजेला घाबरायचा, कुकरच्या शिट्टीला घाबरायचा. सगळ्यांत जास्त टिकलीला घाबरायचा. ती भुंकली की हा सिस्टरांच्या मागे लपायचा, आणि सिस्टरांच्या मागे त्याचं शेपूटसुद्धा लपत नसे. सिस्टर त्याला वॉर्डातल्या आवाजात रागवायच्या, "काही नाही झालं. कायले घाबरते? सरळ उभा राय." आणि तो खरंच सरळ उभा राहायचा.

रोज सकाळी दोघं तलावाच्या पाळीवर फिरायला जात. त्या इवल्याशा, तो एवढा थोरला. धानाच्या रोवणीला निघालेल्या बाया थांबून बघायच्या. "सिस्टर, तुमी त्याले फिरवून राहिल्या का तो तुमाले?" रस्त्यातले बाकीचे कुत्रे बाजूला व्हायचे. तेव्हा सिस्टरांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुकानाच्या पायरीवरून पाहिलं आहे. सायकलवरची ती तरुण नर्स मला त्या वेळी दिसायची.

एकदा बकऱ्यांच्या कळपाला बघून त्याने धाव घेतली आणि दोरी हाताला गुंडाळलेली असल्याने सिस्टर पडल्या. मनगट मोडलं. भाचा नागपूरहून आला आणि म्हणाला, मी याला परत नेतो. सिस्टरांनी प्लास्टरचा हात कुत्र्याच्या मानेवर ठेवला आणि म्हणाल्या, "दोरी मी गुंडाळली होती. त्यानं नाही." विषय संपला.

संध्याकाळी त्या छपरीत खुर्ची टाकून बसत आणि तो उभ्या उभ्याच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून द्यायचा. तशा स्थितीत त्या तांदूळ निवडत.

तिसऱ्या वर्षी, रोवण्या चालू असताना, त्या एकट्याच दुकानात आल्या. ठाणेदार बरोबर नव्हता, म्हणून मला जरा चमत्कारिक वाटलं. त्या बाकावर बसल्या. दुसऱ्या कुणाच्या आजाराविषयी सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "बाबू, नागपूरले जाऊन आली. पोटात गाठ आहे. लिव्हरमध्ये पसरली. आता ऑपरेशनचा उपेग नाही. धान कापणीपर्यंत काढीन मी."

माझी मुलगी त्यांच्याच हातावर जन्मली होती.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तो आधी जाईन असं धरून चालली होती मी."

भाचा चांगला होता, पण तो फ्लॅटमध्ये राहायचा. नागपूरबाहेर कुत्रे ठेवायची एक जागा त्याने शोधली होती. सिस्टरांनी नाही म्हटलं. "पिंजऱ्यात नाही ठेवत मी त्याले."

"आमच्याकडे राहू द्या," मी म्हणालो. बायकोला विचारलं नव्हतं. ती आतल्या दारात उभी होती.

"एवढ्या घरात एवढा कुत्रा?" ती म्हणाली. तिचंही खरं होतं. दोन खोल्या आणि एक छपरी.

"माय, आज हो म्हणू नको," सिस्टर म्हणाल्या. "आधी काही दिवस पाय. जमलं तं ठेव."

दुसऱ्या दिवशी बायकोने छपरीतली जळाऊ लाकडं मागच्या वाडीत हलवली. ते तिचं उत्तर होतं.

आता पुढचं जे सांगतो, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं, तरी समजायला आम्हाला वेळ लागला. दवाखान्यात एक नर्स ड्युटी संपताना दुसरीला चार्ज देते, तसा सिस्टरांनी ठाणेदाराचा चार्ज दिला. आधी आठवडाभर माझी बायको त्यांच्या घरी जाऊन त्याला जेवू घालायची. पातेलंभर भात, अंडी, उकडलेली कोंबडी. सिस्टर आतल्या खोलीत बसायच्या. मग तो दिवसा आमच्याकडे येऊ लागला. पहिल्या दिवशी सिस्टर सोबत आल्या, त्याच्याकडे पाठ करून बसल्या आणि टिकली त्याच्यावर भुंकायला लागल्यावर मागच्या वाडीतून निघून गेल्या. संध्याकाळी त्याला न्यायला मात्र आल्या. पुढे त्या न्यायलाही येईनात. मीच नेऊन सोडायचो.

मग एक दिवस त्याचं अंथरूण आमच्याकडे आलं. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी होती ती. तिला फिनाइलचा वास येत होता.

"सिस्टर, तुमचा वास असता तं त्याले बरं वाटलं असतं," बायको म्हणाली.

"म्हणूनच धुतली," त्या म्हणाल्या.

घरात त्यांनी त्याला खांद्यावर डोकं ठेवू देणं बंद केलं. तो जवळ आला की त्या उठून जात. त्याला कळेना. तो त्यांच्यापुढे जाऊन बसायचा, पंजा द्यायचा, जे जे त्याला शिकवलं होतं ते सगळं करून दाखवायचा. सिस्टर भिंतीकडे बघत राहायच्या. मला ते पाहवलं नाही. मी एकदा म्हणालोच, "काहून असं करता? उरलेले दिवस तं त्याले जवळ घ्या."

"त्यानं माझा जीव हलका होईन," त्या म्हणाल्या. "अन् त्याचा जड होईन."

पोळ्यानंतर तो पूर्णपणे आमच्याकडे राहायला आला. सिस्टर अंथरुणाला लागल्या. भाच्याची बायको त्यांच्याकडे येऊन राहिली. आता सिस्टरांच्या सोबतीला माणूस होतं, याचं मला समाधान वाटायचं.

एका दुपारी ठाणेदार सुटला. मी धावत गेलो तर तो त्यांच्या फाटकाशी उभा. भुंकत नव्हता. फक्त नाकाने फाटक ढकलत होता, आणि कडी वाजत होती. आत भाच्याची बायको डोळ्यांना पदर लावून उभी. तिला फाटक उघडायची मनाई होती.

खिडकी उघडी होती. सिस्टर खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. हात खाटेच्या कडेला घट्ट धरलेला. कडी वाजली की ती बोटं आणखी आवळायची.

"सिस्टर, एकदा," मी खिडकीतून म्हणालो.

त्या वळल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, "घेऊन जा त्याले, बाबू. अन् ओढू नको. हळू ने."

मी त्याला हळू नेलं. वाटेत तो तीनदा थांबला. घरी आल्यावर दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी टिकली त्याच्या गोधडीवर जाऊन त्याच्या पोटाशी झोपली. तोवर तिने त्याला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोच्या हातून भात खाल्ला. मी ते सिस्टरांना सांगायला गेलो. त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, "सगळा खाल्ला?"

"सगळा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्यांचं झालेलं ते शेवटचं बोलणं.

हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली त्या दिवसांत सिस्टर गेल्या. सकाळची वेळ होती. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं आली. त्यांच्या हातावर जन्मलेली किती होती त्यांत. स्मशानात नेताना आमच्या घरावरूनच नेलं. बायको ठाणेदाराला घेऊन मागच्या वाडीत बसली होती.

आता त्यांच्या घराला कुलूप आहे. फाटकावर कसलातरी वेल चढला आहे. ठाणेदाराचं तोंड पांढरं झालं आहे आणि मागचे पाय उठताना थरथरतात. जातीच्या मानाने म्हाताराच आहे तो. रोज सकाळी मी त्याला आणि टिकलीला तलावाकडे नेतो. वाट त्या फाटकावरूनच जाते.

सुरुवातीचे काही महिने मी तिथे आलो की दोरी सैल सोडायचो. वाटायचं, थांबेल, हुंगेल, निदान मान वळवेल. तो कधीच थांबला नाही.

परवा मीच थांबलो. फाटकावरचा वेल आत अंगणात उतरला होता, तो बघत उभा राहिलो. ठाणेदार चार पावलं पुढे जाऊन माझ्याकडे वळून बघायला लागला, मी का थांबलो ते त्याला कळत नव्हतं. टिकली त्याच्या पायांमधून पुढे पळाली. मग त्याने दोरीला हलकासा ताण दिला, आणि मी निघालो.