रंगाखालची खरखर

माझ्या गाडीत हॅम रेडिओ आहे, हौशी लोक दूरदूरच्या माणसांशी थेट बोलतात तो. पण इंजिन चालू केलं की त्यात अशी खरखर सुटायची की समोरचा काय बोलतो ते कळतच नसे. महागडे फिल्टर लावून थकलो आणि शेवटी पापडी गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

त्याने माझ्या रेडिओकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून जुनाट ट्रान्झिस्टर काढला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि चालू इंजिनाभोवती डोळे मिटून फिरवू लागला. बॉनेटच्या बिजागरीपाशी ट्रान्झिस्टर एकदम कडकडला!

"इथं रंग कोनी मारला?"

"मीच. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून."

"गंज थांबवलात, पन अर्थिंगपन थांबवलीत की!" तो खदखदून हसला. पॉलिश पेपरने पत्रा लख्ख घासून त्याने बॉनेट तारेने बॉडीला जोडलं.

मी इंजिन चालू केलं. खरखर गायब! केरळचा एक माणूस शेजारी बसल्यासारखा बोलत होता. मी चक्क ओरडलो.

तो खिडकीतून वाकून ऐकत राहिला. "म्हंजे हा रोजच बोलत होता," तो म्हणाला, आणि पुढच्या रिक्षाकडे वळला.

पुढे होळीपर्यंत मी त्या केरळवाल्याशी अधूनमधून बोलत गेलो. हॅमच्या रिवाजाप्रमाणे पहिल्याच मिनिटाला एकमेकांची नावं विचारून झाली होती. एके दिवशी खरखर कशी गेली त्याची सगळी हकिकत ऐकून त्याने विचारलं, "त्या कारागिराचं नाव काय?"

मी बोलायचं बटण दाबलं. माझ्याकडून त्याला नुसती शांतता ऐकू गेली, अगदी स्वच्छ.