मेन कोणी पाडला

माझा राग आधी त्या डबीवर होता. ऑफिसने लॅपटॉपसोबत दिलेली तळहाताएवढी काळी डबी. मोठा स्क्रीन, कीबोर्ड, इंटरनेटची वायर, सगळं तिच्यात खोचायचं आणि तिची एक वायर लॅपटॉपला लावायची. ऑफिसवाले तिला डॉक म्हणत. ती जोडल्याशिवाय ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडायचंच नाही, सुरक्षेसाठी म्हणे. कुंभिवलीत आमच्या घरी येऊन कोण काय चोरणार होतं, देव जाणे.

डबीला भिंतीतून वेगळी वीज लागायची. लाईट गेली की ती गोचिडीसारखी लॅपटॉपला चिकटायची आणि त्याची बॅटरी प्यायची. मी लॅपटॉपचं झाकण मिटून चहा ठेवायला उठले तरी तिचं पिणं चालूच. आणि आमच्याकडे लाईट जाते म्हणजे काय, ते नवी मुंबईच्या काचेच्या इमारतीत बसून कुणाला कळणार? हायवेच्या कारखान्यांना वेगळी लाईन आहे. आमच्या तारेवर एक फांदी पडली तरी दुपार गेलीच. बॅटरी बघता बघता संपायची आणि ऑफिसच्या यादीत माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका लाल व्हायचा.

त्या ठिपक्यावर माझं घर चालत होतं. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, डावी बाजू लुळी पडली होती. घरात आम्ही दोघंच. त्यांना एकटं टाकून रोज ऑफिसला जाणं शक्य नव्हतं, म्हणून घरून काम करायची परवानगी मी भांडून मिळवली होती. ठिपका असाच लाल दिसत राहिला तर ती रद्द होईल, हे साहेबांनी हसत हसत सांगितलं. इन्व्हर्टर घ्या ना, असंही म्हणाले. इन्व्हर्टर होता. तो बाबांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेल्या हवेच्या गादीच्या पंपाला लावलेला होता.

मी तक्रार केली की हेल्पडेस्कवाले सांगायचे, स्क्रीनचा उजेड कमी करा. मी कमी केला. आणखी कमी केला. मग एक दिवस मेल आली की दोष डबीच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्राममध्येच आहे, आता अपडेट निघालं आहे, ते टाकलं की लाईट नसताना डबी अगदी कमी वीज ओढेल. म्हणजे चूक त्यांची, आणि मी इतके महिने अंधारात डोळे फोडत बसले होते. माफीचा एक शब्द नाही. खाली ठळक अक्षरांत तेवढी ताकीद होती, अपडेट चालू असताना भिंतीतली वीज बंद करू नये, तेवढ्या वेळात डबीला लॅपटॉपची बॅटरी चालत नाही.

परतीच्या पावसाचे दिवस होते, शेतात भात पिवळं झालेलं. दुपारी ऊन कडक, आभाळ मोकळं, म्हणून जेवणं झाल्यावर मी अपडेट लावलं. स्क्रीनवरची पट्टी कासवासारखी पुढे सरकत होती. ती अर्ध्यावर आली नाही तोच डोंगराकडून गडगडायला लागलं.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. मागे एकदा डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली आणि ओळीने सगळ्यांचे टीव्ही, फ्रीज जळले. तेव्हापासून गडगडलं की कुणीतरी ओरडतं, "मेन पाडा रं," आणि ती हाक घराघरातून पुढे जाते. बोर्डाजवळ जो असेल तो मेन स्विच पाडतो. कोण कुणाला विचारत नाही. त्या दिवशी हाक मला ऐकू आली आणि मी मुद्दाम स्विचला हात लावला नाही. घरात माझ्याशिवाय उठणारं कोणी नव्हतंच. मी मागच्या दारी कपडे काढायला गेले.

परत आले तर पंखा थांबलेला. बाबा बोर्डाखाली उभे होते. उजवा हात स्विचवर, डावं अंग भिंतीला टेकवलेलं, पाय लटलट कापत होते. झटक्यानंतर खाटेपासून तिथवर ते पहिल्यांदाच एकटे चालले होते.

"तू आली नाय, म्हनून मीच पाडला," ते म्हणाले. "तुजं मशीन जळलं आसतं गं, बाय."

मी त्यांना धरून खाटेवर आणलं. मला आनंद झाला होता आणि संतापही, आणि दोन्हीचं काय करावं ते कळेना. गडगडाट थांबल्यावर मेन वर केला. डबीचा दिवा लागलाच नाही.

हेल्पडेस्कला फोन लावला. बाबांना चहा पाजत होते, म्हणून स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, अपडेट चालू असताना वीज बंद केली होती?"

"केली. विजा पडत होत्या, बाबांनी मेन पाडला. इथे सगळेच करतात."

"तसं लिहिता येत नाही. डबीत दोष, किंवा वापरणाऱ्याची चूक, दोनच पर्याय आहेत."

"मग दोष लिहा."

"दोष लिहिला तर डबी तपासणीला जाईल. त्याला वेळ लागतो. तोवर तुम्हाला ऑफिसला यावं लागेल. घरच्या माणसाच्या निष्काळजीपणामुळे बिघडली असं लिहिलं, तर नवी लगेच निघेल. तुम्ही फक्त हो म्हणा, कॉल रेकॉर्ड होतोय."

माझं डोकं फिरलं. लाईट गेल्यावर मरते अशी वस्तू तुम्ही लाईट जाणाऱ्या गावात पाठवता, आणि जो माणूस अर्धं अंग ओढत ती वाचवायला उठला तो निष्काळजी, असं मी त्याला सुनावलं.

"मग काय लिहू, मॅडम?"

बाबांनी कप बाजूला सारला. "हो म्हन गं. काम जाईल तुजं."

"तुमी नाय चुकलात, बाबा."

"नसंन चुकलो. तू हो म्हन."

मी हो म्हणाले.

नवी डबी आली, सुधारलेली. आता लाईट गेली तरी बॅटरी दुपारभर पुरते. ठिपका हिरवा असतो, साहेब खूश आहेत. बाबा काठी घेऊन घरभर फिरतात. पण गल्लीतून हाक आली की बोर्डाखाली जाऊन नुसते उभे राहतात आणि माझ्याकडे बघत विचारतात, "पाडू का गं, बाय?"

हे घर त्यांनी बांधलंय.