आतल्या दाराआडची शिकवणी

सयाजीराव महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. जयसिंगरावांचे वाडवडील गायकवाडी फौजेत घोड्यावर होते. ते स्वतः बडोद्यात कचेरीत कारकून. वरच्या जागेसाठी इंग्रजीची परीक्षा लागली, तेव्हा पंचेचाळिशीत त्यांना शाळेतलं व्याकरण पुन्हा उघडावं लागलं. शिकवणारं माणूस घरातच होतं. धाकटी सून नीरा पुण्याला इंग्रजी सहावीपर्यंत शिकली होती. ती आतल्या दाराआड बसे, जयसिंगराव बाहेर झोपाळ्यावर. ते वाक्यं मोठ्यानं म्हणत; चुकलं की आतून हळूच दुरुस्ती येई. बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता.

एकदा त्याच परीक्षेला बसणारे तुकोजीराव घरी आले. ‘तो पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं, त्यांनी विचारलं.

“नो सूनरनं सुरुवात, मध्ये व्हेन,” जयसिंगराव ठासून म्हणाले.

“दॅन, मामंजी,” सवयीनं आतून आवाज आला.

तुकोजीराव चमकले. “सूनबाई शिकवतात की काय तुम्हाला?”

जयसिंगरावांचे कान तापले. “छे! चार बुकं वाचली की बायकांना वाटतं, सगळं आलं. व्हेनच बरोबर. तसंच लिहा.”

दार लागलं. त्यानंतर नीरा शिकवायला बसली नाही, आणि त्यांनीही बोलावलं नाही.

परीक्षेत ते वाक्य आलंच. जयसिंगरावांनी दॅन लिहिलं. ते पास झाले, तुकोजीराव थोडक्यात राहिले.

पेढे घ्यायला निघालेल्या जयसिंगरावांना तुकोजीराव खंडेराव मार्केटपाशी भेटले. “अभिनंदन! ते व्हेन चूकच निघालं म्हणे. तुमचेही गुण गेले असतील?”

“हो,” जयसिंगराव म्हणाले, आणि पेढे न घेताच घरी परतले.

पत्नी कौशल्याबाई ओवाळायला उभ्या होत्या. त्यांना थांबवून त्यांनी नीराला हाक मारली. “पोरी, त्या दिवशी तुझंच बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं.”

नीरानं मान वर केली नाही. “तुकोजीरावांना सांगितलंत?”

जयसिंगराव पगडीसुद्धा न उतरवता परत बाहेर पडले.

तुकोजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. पानाचं तबक कोपऱ्यात होतं, ते पुढे केलं नाही. “परीक्षा पुन्हा देता येईल,” एवढंच म्हणाले.

जयसिंगराव वरच्या जागेवर बरीच वर्षं होते. त्यांचा इंग्रजी मसुदा कुणी वाखाणला, की ‘सुनेनं शिकवलं’ असं सांगत. सांगताना मात्र समोरच्याकडे बघत नसत.