मायच्या नावाची बाटली

"नोंद करा, कंपाउंडर."

बाटली उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि मग हे म्हणायचं. आमच्या डॉक्टरांची ही सवय. एकदा दवाखान्याच्या कौलांवर वानर बसलं होतं, तर त्याच्याकडेही एक डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "नोंद करा." मी खरंच नोंद केली. बावीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती, साहेब थट्टा करतात की हुकूम देतात हे कळत नव्हतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. मलकापूरच्या अलीकडे, पूर्णेच्या बाजूला आमचं गाव. हा सगळा खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, चहा केला तर दूध फाटतं. पिण्याचं पाणी बायका कोसभर लांब नदीच्या झिऱ्यावरून, म्हणजे वाळूत उकरलेल्या खड्ड्यातून, वाटीवाटीनं भरून आणायच्या; ते पुरलं नाही, की विहिरीचंच प्यायचं. डॉक्टर मात्र घाटावरचे, चिखलीकडच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव. घाटावर पाणी गोड. आम्ही घाटाखालचे लोक काय पितो ते त्यांना इथं आल्यावरच कळलं.

आणि कळलं ते पेशंटांकडून. दर आठवड्याला कुणीतरी पोट धरून यायचं, गडबडा लोळायचं. मुतखडा. दुसरा कुणी असता तर औषध देऊन मोकळा झाला असता. यांनी नागपूरला विद्यापीठात नाव नोंदवलं आणि ठरवलं, मुतखडा आणि विहिरीचं पाणी यांचा संबंध काय, यावर पीएच.डी. करायची. सकाळी पेशंट, दुपारी संशोधन. प्रयोगशाळा कुठली? आमची कापूस-पट्ट्या ठेवायची खोली. तिथं एक टेबल, चार काचेच्या नळ्या, साबणाचं द्रावण आणि घामाघूम डॉक्टर.

गावाला हे काही केल्या उमजेना. पाटलांनी तर भर ओसरीवर विचारलं, "काऊन हो डाक्टर, डाक्टर तं तुम्ही हायच. मंग पुन्हा डाक्टर कायले? पयलं शिक्षण कच्चं राह्यलं काय?"

"हाव पाटील," डॉक्टर हसत म्हणाले, "लईच कच्चं राह्यलं."

पडलेले खडे ते पेशंटांकडून मागून घेत. एका म्हाताऱ्यानं आपला खडा द्यायला साफ नकार दिला. फडक्यात बांधून कनवटीला लावलेला. "एवढा छळला मले यानं. आता असा सोडून देऊ?" शेवटी डॉक्टरांनी तो खडा नुसता मोजून, चित्र काढून परत केला. त्या म्हाताऱ्याशी ते जितक्या अदबीनं बोलले, तितक्या अदबीनं आमच्याकडे तहसीलदाराशीही कुणी बोलत नसे.

खडा झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या घरांतून विहिरीचं पाणी जमवायचं होतं. रिकाम्या बाटल्या घरोघर पोचवायचं काम माझं; भरून द्यायच्या घरच्यांनी. "चिठ्ठीवर नुसता नंबर टाका," असं ते म्हणाले होते. पण माझं अक्षर मोत्यासारखं, आणि ते दाखवायची खाज मोठी. मी प्रत्येक बाटलीवर घरधन्याचं नाव टाकलं, ठसठशीत. एक बाटली आमच्याही घरी दिली. वडील नव्हते, म्हणून त्यावर मायचं नाव. ती बिचारी नावाच्या चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिली. तिचं नाव कुणी कागदावर लिहिलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

वर्षभर बाटल्या येत राहिल्या. डॉक्टर तपासत, आकडे सांगत, मी रजिस्टरात लिहीत असे. त्या आकड्यांचा अर्थ मला ओ की ठो कळत नव्हता. अर्थ असा निघाला, की बहुतेक घरांचं पाणी गोड! डॉक्टर चक्रावले. "लोक सांगतात खारं, बाटली सांगते गोड. मी बाटलीचं ऐकणार," असं म्हणाले आणि त्यांनी तसंच लिहिलं: पाण्याचा मुतखड्याशी संबंध दिसत नाही. प्रबंध टाइप झाला. नागपूरला द्यायची मुदत पंधरा दिवसांवर आली.

प्रबंध पुरा झाला म्हणून मायनं त्यांना जेवायला बोलावलं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. भला माणूस, पोटभर जेवला. तुपाचे हात धुवायला परसातल्या विहिरीवर गेला. मी बादली ओढून दिली. साबण चोळून चोळून झिजला, पण फेस काही येईना. डॉक्टरांनी हाताकडे पाहिलं. एक डोळा बारीक केला.

"आई, ही तुमचीच विहीर ना?"

"हाव. लय खारट पानी हाय बापा."

"मग माझ्या बाटलीत कुठलं भरलं होतं?"

"झिऱ्याचं!" माय कौतुकानं म्हणाली. "आपल्या नावाची चिठ्ठी लावलेली, अन् तुमच्यासारख्याले खारं पानी पाठवू? साऱ्या गावानं झिऱ्याचंच पाठवलं. घराच्या नावावर खारं पानी लागलं तं पोराले पोरगी कोन देईन?"

मी घाटाखालचा, याच गावात वाढलेला. मला हे सुचायला नको होतं? पण मी अक्षर वळणदार काढण्यात गुंग. दवाखान्यात परत आलो तेव्हा मी हात जोडले. "साहेब, नावं मी घातली. तुम्ही नंबर सांगितला होता. पण आता प्रबंध जाऊ द्या तसाच. कोणाले समजते?"

"नावं मी पाहिली होती," ते म्हणाले. "अक्षर छान होतं, म्हणून राहू दिली." मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "नोंद करा. सर्व बाटल्या रद्द. कारण: संशोधकाने पाणी मागून घेतले, स्वतः काढले नाही."

माझं नाव त्यात कुठंही नव्हतं. लिहिताना माझं ते मोत्यासारखं अक्षर पार वाकडंतिकडं झालं.

नागपूरचे प्राध्यापक संतापले. शेवटची म्हणून एक वर्षाची मुदत मिळाली. डॉक्टरांनी मोताळ्याच्या बाजारातून दोर घेतला, सायकलच्या मागं बादली बांधली आणि पुन्हा पहिल्या विहिरीपासून सुरुवात केली. स्वतः पाणी ओढायचे, एक घोट चाखायचे, तोंड वाकडं करायचे, मग बाटली भरायची. बायका हसून बेजार. "पाहा व माय, डाक्टर पानी भरून राह्यला!" तळहाताला फोड आले. त्यांच्यावर पट्टी मीच बांधत असे. या खेपेला बाटल्यांवर फक्त नंबर होते.

या खेपेला संबंधही दिसला. मुदतीला तीन दिवस असताना प्रबंध पोचला आणि पुढल्या हिवाळ्यात ते दुसऱ्यांदा डॉक्टर झाले. मलकापूरला रेल्वेतून उतरून ते आधी आमच्या घरी आले. मायनं झिऱ्याचं पाणी आणलं.

"आज घरच्या विहिरीचं द्या, आई."

"नाई बापा! पाहुन्याले खारं पानी? मले पाप लागन." ती काही बधली नाही. डॉक्टर हसले, झिऱ्याचं पाणी प्यायले, तिच्या पाया पडले. पुढं त्यांची बदली लांब, कोकणाकडे झाली. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं.

मायनं मात्र ती नावाची बाटली माझ्याकडून मागून घेतली होती. भिंतीतल्या देवळीत ठेवायची. दर सोमवारी झिऱ्याचं ताजं पाणी भरायची. "डाक्टर आला तं?" एवढंच म्हणायची. मी हसायचो. दहाबारा वर्षं तिचा हा नेम चालला. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेलच, न येणाऱ्याची वाट पाहणारं.

एका दिवाळीला कार्ड आलं ते त्यांच्या पत्नीचं. डॉक्टर गेले होते. ड्यूटीवर असतानाच, छातीत कळ येऊन. मी मायला वाचून दाखवलं. पुढं वाचवेना, मी रडलो. माय रडली नाही. उठली, देवळीतली बाटली घेतली, परसात जाऊन उपडी केली. मग घरच्या विहिरीत बादली सोडली. तिला आता ओढवत नव्हतं. मी दोराला हात लावायला गेलो तर मला तिनं बाजूला सारलं. स्वतःच्या हातानं पाणी ओढून बाटली काठोकाठ भरली आणि परत देवळीत ठेवली.

"ह्येच मागतलं व्हतं त्यानं," ती म्हणाली. "एकडाव तरी द्यायचं व्हतं मी."

मग माझ्याकडे वळली. "लिही न त्याच्यावर."

मी पेन काढलं. तिचं नाव फिकट झालं होतं. त्याखाली त्या दिवसाची तारीख टाकली आणि लिहिलं: घरची विहीर.