जाईबाईचं इंजेक्शन

धामणगाव रेल्वे गावातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जाईबाई कापूस निवडायची. किडका, पिवळा पडलेला कापूस बाजूला काढायचा, एवढंच काम. त्या हंगामात, म्हणजे १९६१ च्या हिवाळ्यात, ती सारखी उठून मागच्या भिंतीकडे जाऊ लागली. मुकादम नत्थुजीच्या ते नजरेत आलं.

"काहून उठते वं घडीघडी? रुई नेऊन राहिली का बाहेर?"

"लघवीले जाते जी."

"इतक्या डाव?"

त्यानं जिनातल्याच दुर्गाबाईला तिची झडती घ्यायला लावली. सगळ्या बायांसमोर दुर्गाबाईनं लुगड्याचा ओचा चाचपला, कंबर चाचपली. काही निघालं नाही. "आज नाई निघालं," असं म्हणून नत्थुजी गेला. त्या 'आज'चा अर्थ सगळ्यांना कळला.

तिला तहानही फार लागायची. पाणी वाढणारा माणूस जाईबाईच्या वस्तीतल्या बायांना वरूनच ओतायचा, ओंजळीत. ती परत परत ओंजळ धरू लागली तसा तो वैतागला. अंग वाळत चाललं होतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. क्षय असेल, असं कोणीतरी म्हणालं. मग तिच्या स्वतःच्या वस्तीतल्या बायाही तिच्यापासून सरकून बसू लागल्या.

एका सकाळी ती चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. नवरा श्रावण मालधक्क्यावर हमाली करायचा. त्यानं तिला उचलून गाडीत घातलं आणि अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती शुद्धीत नीट बोलू लागली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "हिच्या रक्तात साखर वाढली आहे. मधुमेह."

श्रावणला हे खरं वाटेना. "साखर? आमच्या घरी चहात गूळ रायते साहेब."

"खाण्याचा प्रश्न नाही. शरीरात जो रस तयार व्हायला हवा, तो हिच्यात होत नाही. तो रोज सुईनं द्यावा लागेल. जन्मभर."

तिथल्या नर्सनं, केशरबाईनं, तिला सगळं शिकवलं. सुई कशी उकळायची, मांडीत कशी टोचायची, आणि नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकून कसं तापवायचं ते. निळं राहिलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर साखर फार.

घरी सासू होती, सुंदराबाई. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तिनं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. करणी, भानामती तिनं मनातून काढून टाकली होती. पण सून सकाळी दिव्यावर नळी धरून बसते, निळं पाणी लाल होतं, मग मांडीत सुई खुपसते, हे पाहून तिची छाती धडधडली. करणी नाही म्हणावं तर हे काय? नशा तर नाही? दवाखान्याच्या नावानं ही अमरावतीला नेमकी कोणाकडे जाते?

ती सुनेला काही विचारत नसे. रोज सकाळी दाराशी बसून नुसती पाहायची. औषध थंड राहावं म्हणून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यातली छोटी बाटली सून बाहेर गेल्यावर काढून बघायची, हुंगायची, परत ठेवायची. शेजारची पंचफुला विचारायची, "काय भरते वं तुई सून आंगात?" सुंदराबाई म्हणायची, "मी पायते हाय ना."

उन्हाळ्यात बाटली संपत आली, तेव्हा सुंदराबाई म्हणाली, "या डाव मी येते संगं." जाईबाईला कारण कळलं.

दवाखान्याच्या खिडकीत कंपाउंडर होता. "इन्सुलिन संपलं. पुढच्या सोमवारी या."

"तवालोक कशी राहू भाऊ?"

"संपलं म्हणजे संपलं. चला, गर्दी करू नका."

दोघी बाजूच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळानं छत्री घेतलेला एक धोतरवाला आला. कंपाउंडर त्याच्याकडे पाहून उठलाच, आत गेला आणि त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काही ठेवलं. कागदातून लाल बूच डोकावत होतं. घरी रोज हाताळलेली बाटली सुंदराबाईनं ओळखली. ती उठली आणि कोणाला न विचारता सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली. जाईबाई मागं धावली.

"संपलं म्हणते तुमचा माणूस. मंग त्याले कुठून देल्लं?"

डॉक्टरांनी कंपाउंडरला बोलावलं. तो जाईबाईकडे न पाहता म्हणाला, "साहेब, या लोकांचा भरवसा नाही. फुकट नेतात आणि बाहेर विकतात."

"इकते?" सुंदराबाईचा आवाज चढला. "तिच्यावर तुमच्यापरीस जास्त संशय मले होता. म्हणून रोज सकायी तिच्यासमोर बसून पाहून राहिली मी. एक थेंब सांडला नाई तिनं. इकन कवा?"

जाईबाई सासूच्या तोंडाकडे पाहतच राहिली. डॉक्टरांनी किल्ली मागून घेतली आणि थंड कपाट स्वतः उघडलं. बाटल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी जाईबाईच्या हातात ठेवली.

परतताना गाडीत जाईबाईनं विचारलं, "मायावर संशय होता तुमाले?"

"होता."

"आन् आता?"

"आता त्या कंपाउंडरवर हाय."

आणि तो संशय राहिलाच. पुढं कंपाउंडर त्यांच्याकडून प्रत्येक वेळी रिकामी बाटली मागायचा. छत्रीवाल्याकडून मागताना त्याला कोणी पाहिलं नाही. सुंदराबाई नवी बाटली उजेडात धरून बूच तपासल्याशिवाय खिडकी सोडत नसे.

नत्थुजीनं मात्र जाईबाईला जिनात परत घेतलं नाही. "बिमार बाई नाई पायजे," म्हणाला. मग ती भगवंतरावांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी ऊन चढल्यावर तिचे हात थरथरू लागले. ती आपली पात, म्हणजे वेचायची ओळ, सोडून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसली आणि कंबरेची भाकर सोडली. भगवंतराव लांबून ओरडले, "आतापासूनच जेवण? कामचुकार बाया आणल्या का रे?"

जाईबाई उभी राहिली. सगळ्या वेचणाऱ्या बाया ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मले साखरेची बिमारी हाय. सुई घेते. वक्तावर खाल्लं नाई त पडीन. खाऊन झालं की माही पात पुरी करीन."

हे तिनं आपणहून पहिल्यांदाच कोणाला सांगितलं होतं. भगवंतराव दुसरीकडे वळले. दोघीतिघी बायांनी आपल्या पाती बदलून तिच्यापासून लांबच्या घेतल्या. पंचफुला शेजारच्याच पातीत होती. ती हलली नाही. जाईबाईनं भाकर संपवली, हात झटकले आणि ती कपाशीत शिरली.