दुपारचं जेवण प्लॅनमध्ये नाही

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, त्याचा मला अजून अभिमान आहे, आणि तो मी लपवतही नाही. घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचं ठरलं तेव्हा म्हणूनच दर ठरवणं, फोन घेणं माझ्याकडे आलं. स्वयंपाक आईचा. तिची शाळा चौथीत सुटली, पण बांगडा नुसता हातात घेतला की तो आजचा की कालचा हे ती सांगते.

पहिल्या वर्षी पाहुणे सकाळी ‘दुपारी आहोत जेवायला’ म्हणून बाहेर पडत आणि तिकडेच कुठेतरी जेवून येत. आईने मासे पहाटेच किनाऱ्यावरून आणलेले असत. रात्री ती सुरमई आम्ही आणि मांजर खायचो. मला ते सोसवेना. मी प्लॅन काढला: नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, सगळ्याचे पैसे खोली ठरवतानाच. सुटं घेण्यापेक्षा थोडं स्वस्त. जेवायच्या आधी पैसे कसे मागायचे, असं आई एकदा म्हणाली. सगळीकडे असंच असतं, म्हणून मी तिला गप्प केलं. आता पाहुणे येवोत न येवोत, आपलं नुकसान नाही. मी स्वतःवर खूश होते.

मी जवळच्या कट्टा गावात पतपेढीत नोकरी करते. मे महिन्यात एकदा लवकर घरी आले, तर साडेतीन वाजता आई पायरीवर बसलेली. जेवण झाकलेलं. तिला साखर आहे. सकाळची गोळी घेतली की दुपारी एकला जेवायलाच हवं. पाहुणे धामापूरचा तलाव बघायला गेलेले. मी चिडून विचारलं, जेवली का नाहीस?

“तेंचे पैसे घेतलव. तेंचा ताट वाढल्याबिगर माझा कसा वाढू गो?”

कधीपासून चाललंय हे, म्हटलं.

“तू प्लॅन काढलंस तेवापासून.”

आधी एक वाजला की ती खुशाल जेवून घ्यायची. आले तर वाढायची, नाही आले तर नाही. हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. पाहुणे चारला आले, जेवूनच. आईने त्यांना हसून सोलकढी दिली आणि मग स्वतः भात वाढून घेतला.

तरी मी हट्ट सोडला नाही. दीडपर्यंत आलात तरच जेवण, असा नियम करू म्हटलं. आई म्हणाली, “समुद्रार गेलेल्या माणसांका घड्याळ दाखवतलंस?”

त्याच आठवड्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. चार दिवस येणार होत्या, घरची पाच माणसं. हा प्लॅन परवडेल का, खरं सांगा, म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडायच्या आत नारळ खवणाऱ्या आईने तहसीलदार कचेरीत गेल्यावर बोलते ती आपली शुद्ध मराठी काढली.

“दुपारचं घेऊ नका बाई. तुम्ही फिरायला येणार, दुपारी घरी कशाला याल? सकाळचं, रात्रीचं घ्या. दुपारी आलातच तर घरात असेल ते वाढीन.”

मी कपाळाला हात लावला. पलीकडे त्या बाई हसल्या, आणि चारही दिवस पक्के केले. मी त्या रात्री प्लॅनमधून दुपारचं जेवण काढून टाकलं. डिग्री माझी, पण माणसं तिला कळतात, हे मला कबूल करावं लागलं.

तिसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे होड्या सुटल्या नाहीत आणि ती पाचही माणसं दोन वाजता भुकेने परतली. आईने डाळ, भात आणि तव्यावरचे गरम बांगडे वाढले. पैसे जेवल्यावर घेतले. ती स्वतः तोवर जेवून उठली होती.