वन्संचा रिपोर्ट आधी वन्संना

आमच्या घरात दवाखान्याचा कागद आला की तो ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून वाचायचा आणि आमच्या ह्यांनीच वाचायचा, ही पद्धत सासऱ्यांपासूनची. आधी सासरे वाचायचे, मग हे वाचू लागले. वाचायचे म्हणजे कसं, तर आधी मनातल्या मनात वाचायचे, घसा खाकरायचे, आणि मग जेवढं आम्हाला सांगण्यासारखं वाटेल तेवढं सांगायचे. माझ्या साखरेचा आकडा मला कधी जसाच्या तसा कळलेला नाही. "थोडी वाढलीय, भात कमी कर," एवढंच. मला त्याचं काही वाटायचं नाही. भात कमी करायचा नसला की मीही ऐकू न आल्यासारखं करायची.

वन्संना मात्र वाटायचं. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, आणि नोकरी संपायच्या आधीच काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. तेव्हाची गोष्ट घरात कोणी काढत नाही, पण मी सांगते. डॉक्टरांनी ह्यांना आणि सासूबाईंना आत बोलावून सगळं सांगितलं, आणि ज्यांचे डोळे त्या वन्सं बाहेर बाकावर बसलेल्या. घरी आल्यावर मायलेकांनी ठरवलं की तिला हळूहळू सांगू. ते इतकं हळू झालं की शेवटी वन्संना थळहून येणाऱ्या मासळीवालीने सांगितलं. टोपली खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाय, डोल्यांचा आयकला गो, लय वाईट वाटला." वन्संनी तिच्याकडून बांगडे घेतले, पैसे दिले, आणि मग दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

म्हणून गेल्या थंडीत त्यांच्या गळ्याशी गाठ लागली आणि तालुक्याच्या दवाखान्यात सुई घालून तपासणी झाली, तेव्हा परत येताना रिक्षातच त्या म्हणाल्या, "वहिनी, हा रिपोर्ट मी वाचणार. आधी मी. दादा नाही, तुम्ही नाही."

हे पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते. मागे न बघता म्हणाले, "बरं बरं, वाच." पण कान लाल झाले होते.

रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागणार होते आणि तो दवाखान्याच्या वेबसाईटवर येणार होता. मोबाईल नंबर टाकायचा की उघडतो, असं खिडकीवरच्या बाईने सांगितलं होतं. वन्संचा फोन बोलतो. काचेवरून बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते तो एका बाईच्या आवाजात सांगतो. बँकेचं, एसटीचं, पावसापाण्याचं सगळं त्या असंच ऐकतात, आणि इतक्या भरभर की मला तो आवाज म्हणजे कढईत मोहरी तडतडल्यासारखा वाटतो. त्या संध्याकाळी त्यांनी दवाखान्याची साईट उघडून पाहिली. मी शेजारी शेंगा सोलत होते. फोन म्हणाला, "लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण. चित्र. चित्र. लेबल नसलेलं बटण." त्यांनी खटपट करून स्वतःचा जुना रक्ताचा रिपोर्ट उघडला. फोन म्हणाला, "चित्र," आणि गप्प.

"काय आहे हो वहिनी तिथे?"

मी पाहिलं. रिपोर्ट चांगला होता, खाली सही-शिक्का. पण तो कागदाचा फोटो होता. फोनला अक्षरं वाचता येतात, फोटोतली अक्षरं म्हणजे त्याच्या दृष्टीने भिंतीचा रंग. हे मला वन्संनीच समजावलं. आणि खरं सांगायचं तर मलाही नीट वाचता येत नव्हतं. साईटवरचा सगळा मजकूर पांढऱ्यावर राखाडी, बारीक, चुन्याच्या भिंतीवर कोळ्याचं जाळं असावं तसा.

वन्संनी फोन लावला. खिडकीवरची बाई स्वभावाने चांगली, पण म्हणाली, "आजी, घरात वाचून दाखवणारं कोणी नाही का?"

"आहेत ना," वन्सं म्हणाल्या. "म्हणूनच तर फोन केलाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. गणिताच्या बाई त्या, उत्तर आल्याशिवाय पान उलटायच्या नाहीत. शेवटी दवाखाना चालवणारे मोठे डॉक्टर स्वतः फोनवर आले. म्हणाले, "बाई, मला यातलं काही कळत नाही. ज्याने साईट केलीय त्यालाच तुमच्याकडे पाठवतो. त्याला काय ते सांगा आणि मला सोडा."

तो आला. पेणकडच्या खारेपाटातला, घरची मिठागरं होती, आता पनवेलला कॉम्प्युटरचा धंदा. चाळिशीचा, अंगाने भरलेला, आवाज असा की वाडीतले बगळे उडाले. येताना पोह्याचे पापड घेऊन आला, म्हणून माझं मत पहिल्यापासूनच त्याच्या बाजूने.

"मावशे, साईट एकदम ओके हाय," पाणी पिता पिताच तो म्हणाला. "चार दवाखान्यांनी बघून तशीच मागितलीय."

"बसा," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, ह्यांच्या डोळ्यांना पंचा बांधा."

मी धुतलेला पंचा आणून बांधला. वन्संनी आपला फोन त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. तो बोट फिरवू लागला. "लेबल नसलेलं बटण."

"हा कोन्चा?"

"तुम्हीच केलंय. तुम्ही सांगा."

"मला वाटतं हाच असंल." त्याने दाबलं. पुढे आणखी दोन-तीन ठिकाणी असंच अंदाजाने दाबलं. कपाळावर घाम आला. मग फोन स्वच्छ आवाजात म्हणाला, "बाळंतपणापूर्वीच्या तपासणीसाठी आपली वेळ नोंदवली आहे."

इतका वेळ रुसून बसलेले आमचे हे ओटीवरून म्हणाले, "अभिनंदन. कितवा लागला?"

तो असा हसला की पंचा सुटून गळ्यात आला. वन्संही हसल्या, आणि त्या गाठीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. वेळ रद्द करायला मात्र त्याला खिडकीवरच्या बाईलाच फोन करावा लागला, कारण रद्द करायचं बटण त्याला उघड्या डोळ्यांनीही पटकन सापडेना. त्या बाईला नाव काय सांगावं हाही प्रश्नच होता.

मग तो शहाण्यासारखा म्हणाला, "बाय, कसा पायजे ते तुमीच सांगा."

वन्सं त्याला घेऊन वाडीत गेल्या. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत सुपारीच्या झाडांना काथ्याची दोरी बांधलेली आहे, वन्संच्या हाताच्या उंचीवर. जिथे वाट फुटते तिथे दोरीला गाठ. विहिरीकडे वळायचं तिथे एक, न्हाणीकडे वळायचं तिथे दोन. ह्यांनीच बांधलीय ती. वन्सं तिच्यावर नुसतं बोट ठेवून माझ्यापेक्षा लवकर विहिरीवर पोचतात.

"ही नसती तर मला प्रत्येक झाड चाचपत जावं लागलं असतं," त्या त्याला म्हणाल्या. "तुमच्या साईटवर मी प्रत्येक झाड चाचपते. मला रिपोर्टाकडे वळायचंय, तर गाठ कुठे आहे?"

तो दोरीवरून हात फिरवत राहिला. "म्हंजे मथळे," तो म्हणाला. "आमी नुसती अक्षरं मोठी करून ठेवतो, दिसायला मथळा. फोनला सांगतच न्हाय की हा मथळा हाय म्हणून. सांगता येतं, बाय. येतं सांगता." आणि ओल्या मातीत उभा राहूनच त्याने हे सगळं फोनवर आपल्या माणसाला कळवलं.

त्याच बैठकीत मीही माझं घोडं पुढे दामटलं. म्हटलं, "मला दिसतं तरी वाचता येत नाही, त्याचं काय? राखाडी कशाला?"

"फॅशन हाय मावशे."

"मग ती चष्म्याच्या दुकानात घाला."

राखाडीचं काळं झालं. तपासणीला यायच्या सूचना होत्या, त्याही मी वाचून पाहिल्या. 'निराहार अवस्थेत नमुना संकलनार्थ उपस्थित राहावे' असं लिहिलं होतं. कथेकऱ्यासारखा अर्थ लावत बसायला हवा. मी त्याला लिहून घ्यायला लावलं: 'सकाळी काही न खाता या. चहासुद्धा नको. पाणी चालेल.' चहाचं मुद्दाम घातलं. आमच्याकडे चहाला कोणी खाण्यात धरत नाही. उपाशी आहे म्हणणारा माणूस दोन कप पिऊन येतो, बशीत बुडवलेल्या टोस्टासकट.

काही दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी खुशीत. म्हणाला, "आता ऐका. एकेक चित्राला फोननं काय बोलायचं ती माहिती मी स्वतः लिहिलीय. रात्रंदिवस बसलोय." वन्संनी फोन पुढे धरला, हेही झोपाळा सोडून जवळ आले.

आता इथे एक सांगायचं राहिलं. खारेपाटात हिवाळाभर गावोगाव क्रिकेटचे सामने चालतात आणि प्रत्येक सामन्याला माईकवर बोलणारा एक माणूस लागतो. हा त्यातला नावाजलेला. त्याने हातात लेखणी घेतली आणि जे येत होतं ते लिहिलं.

फोन म्हणाला, "नमस्कार मंडळी! समोर पाहताय आपल्या रुग्णालयाची देखणी दुमजली इमारत, प्रवेशद्वारावर झेंडूचं तोरण, आणि आकाश अगदी निरभ्र!"

वन्संनी बोट पुढे सरकवलं.

"आणि आता मैदानात उतरतायत आपले लाडके हाडांचे डॉक्टर, उजव्या हाताने खेळणारे, चेहऱ्यावर दांडगा आत्मविश्वास!"

वन्संनी फोन मांडीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत की काय. हसत होत्या. पदर काढून म्हणाल्या, "फार छान लिहिलंय. पण माझ्या गळ्याला गाठ आहे हो, मला शेवटच्या षटकापर्यंत बसवून ठेवू नका."

मग दोघं बसून एकेक काढू लागले. हाडांच्या डॉक्टरांचं 'हाडांचे डॉक्टर' झालं. इमारतीचं चित्र नुसतं शोभेचं, तिथे फोनने गप्प राहायचं ठरलं.

"आणि तोरण?" त्याने हळूच विचारलं.

"काढा."

"झेंडूचा होता, बाय."

"काढा."

पण मुलांच्या विभागातली समालोचनं वन्संनी तशीच ठेवायला लावली. तिथला हत्ती षटकार मारतो म्हणे. रिपोर्टाचं मात्र अडलं होतं, कारण सही-शिक्का कागदावर पडल्याशिवाय तो रिपोर्ट नाही, आणि कागद वर चढवायचा तर फोटो काढूनच, असं दवाखान्यातल्या मंडळींच्या डोक्यात पक्कं होतं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. रिपोर्ट अक्षरांत टंकून चढवायचा, आणि खाली सहीचं तेवढं चित्र, त्याला नाव 'सही'. दवाखान्याला एवढं पुरलं.

रिपोर्ट सकाळी आला. मी नारळ खवत होते, वन्सं वाल सोलत होत्या. फोन वाजला आणि हे ओटीवरून उठून दारात येऊन उभे राहिले. वन्संनी हात पुसले, एका कानात वायर घातली, आणि आमच्या दोघांच्या समोर, पाटावर बसूनच ऐकू लागल्या. मी खवणीवर हात धरून बसले. चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून पाहत होते, पण पेपर तपासून तपासून तो चेहरा असा तयार झालेला की पास का नापास, पत्ता लागू नये. एकदा ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग वायर काढून गुंडाळून ठेवली आणि वालाचा पुढचा दाणा उचलला.

"काय म्हणतात?" ह्यांनी दारातूनच विचारलं.

"दादा, थांब जरा. जेवणं होऊ देत."

ते जेवण मी जन्मात विसरायची नाही. हे भात कालवत बसलेले, घास काही तोंडात जाईना. वन्संनी वालाची आमटी वाढून घेतली. मग पुन्हा भात मागितला, वर लोणचं मागितलं. दुसऱ्यांदा भात मागितल्यावर मला काय कळायचं ते कळलं, पण मी नुसता भात वाढला. सांगायचं त्यांनी होतं.

हात धुऊन आल्या, पुन्हा पाटावर बसल्या, आणि सगळा रिपोर्ट पाठ म्हणून दाखवला. किती सेंटिमीटर, कुठली बाजू, पेशी कशा. शेवटी म्हणाल्या, "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघायची."

हे डोळे पुसत म्हणाले, "अगं, मग सकाळपासून जीव का टांगलास आमचा?"

"टांगला नाही, दादा. माझी बातमी होती. जरा वेळ एकटीनेच खाऊन बघितली." आणि मग हलकेच, "गोड होती."

त्या दुपारी सगळ्यांना फोन वन्संनीच केले. मुंबईच्या भाच्याला, शाळेतल्या मैत्रिणींना, खारेपाटातल्या त्या माईकवाल्याला. प्रत्येकाला अगदी पहिल्यापासून, सेंटिमीटरसकट. चौथ्या फोनाला हे घोरू लागले. मी भिंतीला टेकून बसले होते, आणि दर वेळी 'गाठ साधी आहे' इथपर्यंत आल्या की मी नव्याने ऐकल्यासारखी मान हलवत होते.